हुंडी, मजुरी आणि चौथी भिंत

बाल्झाकच्या 'पेर गोरियो' (१८३५) या कादंबरीत पॅरिसमधली एक कळकट बोर्डिंग आहे. शेवयांच्या धंद्यात पैसा केलेला गोरियो तिथे राहायला येतो तेव्हा वर्षाला १२०० फ्रँक मोजून पहिल्या मजल्यावरच्या खोल्या घेतो. पुढे तो दुसऱ्या मजल्यावर जातो, ९०० फ्रँकांत. हिवाळाभर शेगडी पेटवत नाही. मग आणखी एक मजला वर, महिना ४५ फ्रँक. त्या काळी जिने चढूनच जायचं असल्यामुळे जितकं वर तितकं भाडं कमी. मुलींच्या चैनीपायी बाप कंगाल होत चालला आहे हे वाचकाला कळतं ते या मजल्यांवरून आणि भाड्याच्या आकड्यांवरून. मालकीणबाईंच्या तोंडची अदबही भाड्याबरोबर उतरत जाते.

वास्तववाद म्हणजे जीवनाचं जसंच्या तसं चित्रण, असं पाठ्यपुस्तकात लिहिलेलं असतं आणि परीक्षेत त्यावर गुणही मिळतात. पण जसंच्या तसं कुणीच काही लिहीत नाही, रंगवत नाही. बाल्झाकनेही त्या बोर्डिंगमधल्या हजार गोष्टी गाळल्या असतील. त्याने भाडं गाळलं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपच्या वास्तववादाकडे आणि पुढे मराठीत आलेल्या त्याच्या शाखेकडे बघताना मला ही खूण सर्वांत भरवशाची वाटते: पात्रं कशावर जगतात, कुणाचं देणं लागतात, हे लेखकाने विचारलं आहे का? एकदा हा प्रश्न हाती घेतला की वास्तववाद आणि निसर्गवाद यांतला फरकही बराच उलगडतो.

चित्रकलेत हा प्रश्न आधी मापाचा झाला. गुस्ताव कूर्बेने १८४९ मध्ये 'दगडफोडे' रंगवलं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणारा एक म्हातारा आणि एक पोरगा. म्हाताऱ्याच्या तोंडावर टोपीची सावली, पोराची पाठ आपल्याकडे. चेहरे नाहीतच म्हटलं तरी चालेल. ठिगळं आहेत, खडीची पाटी आहे. त्याच सुमारास त्याने आपल्या ओर्नां गावातली एक मयत रंगवली, कॅनव्हास तीन मीटरहून उंच आणि साडेसहा मीटरहून लांब. एवढं माप तेव्हा देवादिकांसाठी, सम्राटांसाठी, लढायांसाठी राखून ठेवलेलं असे. कूर्बेने त्यावर गावचा पाद्री, महापौर, खड्डा खणणारा, रडणाऱ्या बायका आणि एक कुत्रं अशी सगळी मंडळी पुरुषभर उंचीची उभी केली. कोण मेलं, हेही चित्रात कळत नाही. पॅरिसचे रसिक चिडले ते गावकरी कुरूप दिसतात म्हणून. पण खरं दुखणं असं होतं की या लोकांनी कुणाची तरी जागा अडवली होती.

१८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्याची मोठी चित्रं नाकारली गेली तेव्हा गड्याने शेजारीच स्वतःच्या खर्चाने मांडव उभा केला, त्यावर 'वास्तववाद' अशी पाटी लावली आणि आत जायला तिकीट ठेवलं. पुढे १८७१ च्या पॅरिस कम्यूनमध्ये व्हांदोम स्तंभ पाडल्याचं खापर त्याच्या डोक्यावर फुटलं आणि तो पुन्हा उभारण्याचा खर्च, सव्वातीन लाख फ्रँकांच्या आसपास, सरकारने त्याच्याकडून वसूल करायचं ठरवलं. वर्षाला १०,००० फ्रँकांचे हप्ते बांधून दिले. कूर्बे स्वित्झर्लंडला पळाला होता. पहिला हप्ता १ जानेवारी १८७८ ला भरायचा होता. तो ३१ डिसेंबरलाच वारला. ('दगडफोडे' मात्र आता पाहायला मिळत नाही. ड्रेस्डेनच्या संग्रहातलं ते चित्र १९४५ च्या बाँबवर्षावात नष्ट झालं.)

कादंबरीत फ्लोबेरने काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. 'मादाम बोव्हारी'वर १८५७ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि तो सुटला. खटल्यामुळे सगळ्यांचं लक्ष व्यभिचाराकडे गेलं ते गेलंच. वास्तविक एमाला विषापर्यंत नेतो तो तिचा एकही प्रियकर नव्हे. नेतो तो ल्यूरो नावाचा कापडदुकानदार. उंची कापड, पडदे, प्रवासी पेट्या उधारीवर द्यायच्या, हुंडीवर सही घ्यायची, मुदत संपली की व्याज चढवून नवी हुंडी करायची, हा त्याचा धंदा. शेवटी ८००० फ्रँकांसाठी घरावर जप्ती येते. एमा दारोदार फिरते, दोन्ही प्रियकरांकडे हात पसरते, आणि मग अफूबचनागाच्या वाटेने नव्हे तर औषधविक्याच्या कपाटातल्या आर्सेनिकच्या बरणीने सुटका करून घेते. प्रेमभंगाने मरणाऱ्या नायिका तोवर शेकड्याने झाल्या होत्या. हुंडीने मेलेली ही पहिली असावी असं म्हणायचा मोह होतो. फ्लोबेरला स्वतःला 'वास्तववादी' हे बिरुद चिकटवलेलं मुळीच आवडत नसे, हेही नोंदवून ठेवू.

एमिल झोलापाशी मात्र थांबायला हवं, कारण निसर्गवादाची सगळी ताकद आणि सगळी पंचाईत त्याच्याकडे एकत्र सापडते. १८७१ ते १८९३ या काळात त्याने एकाच कुटुंबाच्या फांद्यांवर २० कादंबऱ्या लिहिल्या. आनुवंशिकता आणि परिस्थिती या दोन गोष्टींनी माणूस घडतो, लेखकाने प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञासारखं त्याचं निरीक्षण करावं, असा त्याचा सिद्धांत. क्लोद बर्नार या शरीरशास्त्रज्ञाच्या वैद्यकीय प्रयोगांवरच्या ग्रंथाचा आधार घेऊन त्याने १८८० मध्ये 'प्रयोगशील कादंबरी' हा निबंध लिहिला. यातली गोम तेव्हाच्या टीकाकारांच्याही ध्यानात आली होती: ज्या प्रयोगात द्रव्यंही लेखकाची आणि निष्कर्षही लेखकाचेच, तो प्रयोग कसला? दारुड्याच्या वंशात दारुडा जन्मतो, कारण झोला त्याला जन्माला घालतो.

पण सिद्धांत लंगडा असला म्हणून काम लंगडं होत नाही. १८८४ च्या फेब्रुवारीत उत्तर फ्रान्समध्ये आंझँच्या कोळसाखाणींत संप चालू असताना झोला तिथे गेला, खाणीत उतरला, घरांत गेला, वह्या भरल्या. त्यातून 'जर्मिनाल' (१८८५) आली. तिच्यातला संप 'अन्याय' नावाच्या अमूर्त गोष्टीमुळे होत नाही. खाणीत छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लावावे लागतात. मजुरी भरलेल्या गाडीवर मिळत असल्यामुळे मजूर टेकूंत वेळ घालवत नाहीत, मग अपघात होतात. कंपनी म्हणते, टेकूंचे वेगळे पैसे देतो, पण गाडीमागचा दर ५० सेंटिमवरून ४० वर आणतो. कागदावर हिशेब सारखा. प्रत्यक्षात कुटुंबाच्या पदरात कमी पडतं, हे खाणीतला प्रत्येक जण बोटांवर मोजून सांगू शकतो. इकडे वस्तीतल्या वाण्याचं उधारीचं खातं कसं चालतं आणि उधारी वाढवून घ्यायला घरातल्या बायकांना काय मोजावं लागतं, तेही झोला सांगतो. १९०२ मध्ये त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा खाणकामगारांचं शिष्टमंडळ कादंबरीच्या नावाचा घोष करत चाललं होतं. आनुवंशिकतेच्या सिद्धांतासाठी ते खचितच आले नव्हते.

रंगभूमीवर हे वारं उशिरा पोचलं, आणि पोचवलं ते गॅस कंपनीतल्या एका कारकुनाने. आंद्रे आंत्वानने ३० मार्च १८८७ ला मोंमार्त्रमधल्या एका बोळातल्या छोट्या सभागृहात 'तेआत्र लिब्र'चा पहिला प्रयोग केला. नेपथ्याला पैसे नव्हते म्हणून आईच्या घरचं फर्निचर हातगाडीवर घालून आणलं. गरज होती, तिचं तत्त्व झालं. भिंतींवर टेबल-खुर्च्या रंगवायच्या नाहीत, त्या ठेवायच्या. नट गरज पडली तर प्रेक्षकांकडे पाठ करून बोलणार. रंगमंचाची उघडी बाजू ही खोलीची चौथी भिंत आहे आणि आतल्या माणसांना आपण दिसत नाही असं धरायचं. 'खाटीक' या एकांकिकेसाठी १८८८ मध्ये त्याने खरं मांस आणून टांगलं. तिकिटांऐवजी वर्गणीदार सभासद केल्यामुळे सेन्सॉरही टळला. दोनेक वर्षांत बर्लिनमध्ये 'फ्राये ब्यूने' आणि १८९१ मध्ये लंडनमध्ये 'इंडिपेंडंट थिएटर' याच धर्तीवर निघालं. १८९४ साली आंत्वान स्वतः कर्जबाजारी होऊन आपल्या संस्थेतून बाहेर पडला.

स्वीडनच्या स्ट्रिंडबर्गने 'मिस ज्यूली'च्या (१८८८) प्रस्तावनेत पडद्यावर रंगवलेल्या पातेल्यांची थट्टा केली आहे. त्याला खरं स्वयंपाकघर हवं होतं. मात्र त्या स्वयंपाकघरात नाटक घडवतात ते सरदाराचे पॉलिशला ठेवलेले बूट आणि त्याची घंटा. सरदार स्वतः रंगमंचावर येतच नाही. त्याची मुलगी नोकराबरोबर पळून जायचं ठरवते तेव्हा नोकराचा पहिला सवाल असतो, हॉटेल काढायला भांडवल कुठून आणायचं? तिच्याजवळ स्वतःची पैही नाही, म्हणून ती बापाचं कपाट फोडते.

आणि इब्सेन. 'अ डॉल्स हाउस' (१८७९) म्हटलं की नोराने लावून घेतलेलं दार आठवतं. त्या दाराआधी तीन अंक एका कर्जरोख्याचे आहेत. आजारी नवऱ्याला हवापालटाला नेण्यासाठी नोराने गुपचूप ४८०० क्रोन उचलले. बाई स्वतःच्या सहीवर कर्ज काढू शकत नाही म्हणून जामीन बापाचा दाखवला आणि बापाची सही आपणच ठोकली. तारीख घातली २ ऑक्टोबर. बाप मेला होता २९ सप्टेंबरला. हे तीन दिवस सावकार तिच्यासमोर शांतपणे मोजून दाखवतो, तो प्रसंग मला सगळ्या नाटकात भारी वाटतो. घरखर्चातून वाचवून, रात्री नकला उतरवण्याचं काम करून ती हप्ते फेडत आली आहे आणि त्या कामात तिला पुरुषासारखं कमावण्याची गोडीही लागली आहे. ती घर सोडते ते भाषणांनी पेटून नव्हे. नवऱ्याच्या लेखी आपली किंमत काय, हे त्या कागदाने तिला दाखवून दिलेलं असतं.

गेरहार्ट हाउप्टमानच्या 'विणकर' (१८९२) नाटकात तर नायकच नाही. १८४४ साली सायलेशियात झालेला विणकरांचा उठाव हा विषय, आणि पहिला अंक सगळा व्यापाऱ्याच्या पेढीवर: विणकर कापड आणतात, कारकून खोड काढतो, पैसे कापतो. पोलिसांनी जाहीर प्रयोगावर बंदी घातली, म्हणून १८९३ मध्ये 'फ्राये ब्यूने'ने तो सभासदांपुरता केला. प्रेक्षकांत केटे कोलविट्झ ही तरुण चित्रकर्ती होती. तिने हातातलं दुसरं काम बाजूला ठेवलं आणि पुढची काही वर्षं घालवून या उठावावर सहा मुद्राचित्रांची मालिका केली. १८९८ मध्ये परीक्षकांनी तिला पदक सुचवलं, कैसरने नाकारलं. साहित्य, नाटक आणि चित्र ही तिन्ही एका धाग्यात सापडावीत असं उदाहरण याहून चांगलं मिळणार नाही.

मग निसर्गवाद कुठे कमी पडला? समीक्षक जॉर्ज लुकाचने १९३६ च्या एका निबंधात दोन घोड्यांच्या शर्यती शेजारी ठेवल्या आहेत. झोलाच्या 'नाना'तली आणि टॉलस्टॉयच्या 'अ‍ॅना कॅरेनिना'तली. झोलाची शर्यत तपशिलाने ओसंडते. जॉकी, पैजा, गर्दी, काही राहिलेलं नाही. पण ती काढून टाकली तरी कादंबरीचं फार बिघडत नाही. टॉलस्टॉयच्या शर्यतीत व्रॉन्स्की पडतो, प्रेक्षकांतली अ‍ॅना किंचाळते, नवऱ्याला सगळं कळतं आणि कादंबरी पलटते. लुकाच झोलावर जरा अन्यायच करतो ('जर्मिनाल'ला हे लागू पडत नाही), पण त्याचं बोट बरोबर ठिकाणी आहे. निसर्गवादी लेखक खोलीतल्या वस्तूंची यादी करतो. वास्तववादी लेखक रोजकीर्द लिहितो: कोणती वस्तू कुणाकडून आली, तिचं देणं फिटलं का, आणि नसेल तर उद्या कोण दारात उभं राहील. ब्रेख्तचं म्हणणं याच्याच पुढचं. कारखान्याचा फोटो काढून कारखान्याबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही, कारण तिथले माणसामाणसांतले संबंध फोटोत येत नाहीत. खरं मांस टांगता येतं, खरं व्याज टांगता येत नाही.

चेकॉव्हला हे पुरतं कळलं होतं. मॉस्को आर्ट थिएटरमध्ये (स्थापना १८९८) स्तानिस्लावस्की रातकिडे, बेडूक, कुत्री यांच्या आवाजांनी प्रयोग भरून टाकायचा, त्याने चेकॉव्ह वैतागायचा. चित्रकार क्राम्स्कॉयने काढलेल्या उत्तम चेहऱ्याचं नाक कापून तिथे खरं नाक बसवलं तर चित्राचं काय होईल, असं त्याने विचारल्याची आठवण मेयरहोल्डने लिहून ठेवली आहे. त्याच्या 'चेरी ऑर्चर्ड'चा (१९०४) लिलाव रंगमंचावर होतच नाही. २२ ऑगस्ट ही तारीख पहिल्या अंकापासून डोक्यावर टांगलेली असते. त्या दिवशी घरात नाचगाणं चालू असतं, आणि एकेकाळच्या भूदासाचा पोर येऊन सांगतो की कर्जाच्या वर ९०,००० रूबल बोलून बाग आपण घेतली.

मराठीकडे वळताना कुणी म्हणेल, हे सगळं तिकडून आलेलं. बरंचसं आलंच. पण ज्या १८५५ साली कूर्बे मांडव घालत होता त्याच साली पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहिलं. एक जोशी कुणब्याच्या गरोदर बाईला ग्रहपीडेची भीती घालतो आणि नवराबायकोला अनुष्ठान, ब्राह्मणभोजन यांच्या खर्चात पाडतो. दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलेलं हे नाटक तिथे रुजू झालं नाही आणि शतकभराहून अधिक काळ छापलंही गेलं नाही. त्यात विदूषक आहे, चर्चा लांबतात. रूपाने ते निसर्गवादी बिलकूल नाही. पण घरात आलेला दाणागोटा घराबाहेर कसा जातो हे त्यात पायरीपायरीने दिसतं, म्हणून माझ्या लेखी मराठी वास्तववादाची सुरुवात तिथे आहे. नेमाड्यांनी मराठी कादंबरीच्या आरंभीच्या प्रवृत्ती सांगताना वास्तववादी प्रवाहाचं मूळ 'यमुनापर्यटन'मध्ये (१८५७) दाखवलं. नाटकाच्या बाजूने दोन वर्षं मागे जायला हरकत नाही.

चित्रकलेत आपल्याकडे उलटा प्रकार झाला. १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, युरोपीय पद्धतीचं हुबेहूब चित्रण आपण झटपट आत्मसात केलं. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या देवतांच्या साडीचा काठ, दागिन्यांची चमक, सगळं खरं. कसब वास्तववादी, विषय पौराणिक. पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी ही फारकत मोडली ती सिनेमात. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा त्यांचा 'सावकारी पाश' (१९२५) ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा मूकपट. सावकार शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात गिरणीत मजुरीला लागतो. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. हा मूकपट आज उपलब्ध नाही, ही हानी 'दगडफोडे'पेक्षा लहान नव्हे.

देवलांच्या 'शारदा'त (१८९९) पदं आहेत, विनोद आहे, म्हणून तिला वास्तववादी म्हणायला लोक कचरतात. पण कांचनभट मुलीचा सौदा करतो, भद्रेश्वर दीक्षित दलाली करतो आणि म्हाताऱ्या भुजंगनाथाची थैली सगळ्यांना नाचवते. व्यवहार इतका उघडा मांडलेलं तेव्हाचं दुसरं नाटक चटकन आठवत नाही. याउलट नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'चं (१९३३). नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून श्री. वि. वर्तकांनी बेतलेलं हे नाटक मराठीत निसर्गवादी तंत्राचा आरंभ म्हणून नेहमी सांगितलं जातं: दिवाणखान्याचं नेपथ्य, स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया, पदं मोजकी. ऐतिहासिक महत्त्व निर्विवाद. तरीही त्या दिवाणखान्याचा खर्च कोण चालवतं हा प्रश्न मराठी रंगभूमीने पुढे कितीतरी वर्षं टाळला. भिंती आल्या, भाडं आलं नाही. तो प्रश्न त्याच वर्षी विचारला विभावरी शिरूरकरांनी. 'कळ्यांचे निःश्वास'मधल्या मिळवत्या मुलीचं लग्न लांबतं, कारण तिच्या पगारावर बापाचं घर चालतं. पुण्यात गदारोळ झाला, टोपणनावामागे कोण याचा शोध सुरू झाला. मला वाटतं, त्या पगाराचा उल्लेख लोकांना अधिक झोंबला असावा.

१९६० नंतर बागूल, भाऊ पाध्ये, पुढे दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) यांनी जे आणलं त्याला 'भडक', 'निसर्गवादी' असं म्हणून हात झटकायची पद्धत होती. पवारांनी मुंबईच्या कावाखान्यातलं भंगार-चिंध्यांवरचं जगणं लिहिलं तेव्हा तिथे तपशिलाची हौस नव्हती. तो तपशीलच पोटापाण्याचा होता. एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त (१९८५) दोन्ही धारा मिळतात. धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात तात्याजी वारलेत आणि प्रश्न आहे तेराव्याच्या गावजेवणाचा. पैसे नाहीत, पण इभ्रत आहे. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय. रात्री वहिनी घराण्याचं सगळं सोनं अंगावर घालते तो प्रसंग दिसायला श्रीमंत आहे, आणि प्रेक्षकाला कळत असतं की हे आता कधीही मोडावं लागेल. इथे वस्तूंची यादीही आहे आणि प्रत्येक वस्तूपुढे देणेकऱ्याचं नाव लिहिलेलं आहे.

सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'मध्ये (२००२) शिकलेला शेतकरी पोरगा, सोसायटीचं देणं, न लागणारी नोकरी असा सगळा ताळेबंद मांडलेला आहे, आणि घरातला बाप गुप्तधनाच्या मागे लागतो. अद्भुत कादंबऱ्यांतलं पुरलेलं धन अशा रीतीने शेतीच्या तोट्यात येऊन निघालं. एवढं सगळं झाल्यावर मराठी टीव्ही मालिका मात्र कुठे आहेत ते पाहावं. स्वयंपाकघर खरं, मिक्सर खरा, कुकरची शिट्टी खरी. आंत्वान बघून खूश झाला असता. पण सकाळी सात वाजता पैठणी नेसून चहा करणाऱ्या त्या सुनेच्या घरात पगार किती येतो, घराचा हप्ता कोण भरतं आणि आजेसासूच्या औषधांचं बिल कुणाच्या खात्यातून जातं, हे आठशे भाग झाले तरी कळत नाही.